आयर्लंडमधल्या काउंटीचा 'हाय शेरीफ' म्हणजे नेमका कोण?

रेवा_रामबाग (इंदूर)

प्रश्न आपल्या गावचा नाही, पण इथे कोर्टकचेरीत आयुष्य घालवलेली मंडळी आहेत म्हणून विचारते.

मी घरबसल्या जुनी हस्तलिखितं टाइप करून द्यायचं काम करते. सध्या आयर्लंडच्या गॉलवे काउंटीतल्या एका जमीनदार घराण्याचे कागद आलेत. पत्रं, खंडाच्या पावत्या, घरखर्चाच्या वह्या. अक्षर म्हणजे शाईत बुडवलेल्या मुंग्या कागदावर सोडल्यासारखं. त्याचं काही नाही, मोडी वाचणाऱ्या आजोबांची नात आहे मी. अडलंय ते भलतीकडेच.

या घराण्यात तीन पिढ्यांत प्रत्येकाच्या नावापुढे कुठल्यातरी एका वर्षी 'हाय शेरीफ' असं लागलंय. एकच वर्ष. पुढच्या वर्षी दुसऱ्याच घराण्यातला माणूस. आधी वाटलं, पोलीस कप्तान असेल. मग त्या वर्षाची खर्चाची वही उघडली. पगार जमा झाल्याची एक ओळ नाही आणि खर्च मात्र पानंच्या पानं: बारा माणसांचे कोट, पितळी बटणं, दोन बिगूलवाले, बग्गीला नवा रंग, आणि जेवणावळी तर विचारूच नका. पदरचे पैसे घालून कप्तानकी करणारा कप्तान मी तरी ऐकला नाही.

शिवाय पत्रांत एक 'सब-शेरीफ' सारखा डोकावतो. तो 'हॅबेरे' नावाच्या कशासाठी तरी पोलीस आणि सैनिक मागतोय. हिशेबात 'पाउंडेज' असा शब्द आहे, तो मी आधी वजन समजून टाइप केला.

दोन बारीक शंका आणखी. गॉलवे गावात दोन जुनी कोर्टं रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दिसतात, ती का? आणि शेरीफांच्या यादीत 'डेली' हे आडनाव दिसलं. रोज डेली कॉलेजवरून जाते, म्हणून नजर अडकली. काही संबंध?

भिया_इंदौरी (इंदूर)

एवढं काय ताई, शेरीफ म्हणजे छातीवर तारा, कमरेला पिस्तूल आणि घोडा. सरळ 'कोतवाल' लिहून मोकळी हो. शब्दही 'शरीफ'वरूनच आलाय. शरीफ आदमी, पगार कशाला घेईल!

निवृत्त_नाझर (इंदूर)

भियांचा तारा अमेरिकेतला. तिकडे शेरीफ निवडून येतो आणि पिस्तूल बाळगतो. रेवाताईंच्या वहीतल्या शेरीफाकडे तलवार होती, पण तीही मिरवायची. 'शरीफ'शी याचं काही नातं नाही. जुन्या इंग्रजीत 'शायर' म्हणजे परगणा आणि 'रीव्ह' म्हणजे कारभारी. परगण्याचा कारभारी तो शायर-रीव्ह, बोलता बोलता झाला शेरीफ.

मी बत्तीस वर्षं दिवाणी कोर्टाच्या नजारतीत, म्हणजे समन्स-जप्तीच्या कचेरीत, काढली. शेवटची अकरा नाझर म्हणून. त्यामुळे या हुद्द्याबद्दल मला थोडी घरच्यासारखी आपुलकी आहे, आणि थोडा रागही. का ते पुढे कळेल.

बाराव्या शतकात नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये उतरले आणि आपला शेरीफ सोबत घेऊन गेले. जिथवर इंग्रजी राजाचा हुकूम चालेल तिथवर काउंटी आखायची आणि तिच्यावर शेरीफ बसवायचा. हे एका दमात झालं नाही. डब्लिनकडच्या काउंट्या तेराव्या शतकातल्या, पश्चिमेकडची गॉलवे १५७० च्या आसपासची, आणि विकलो, जी डब्लिनला अगदी चिकटून आहे, ती सगळ्यात शेवटची, १६०६ ची. डोंगरातल्या लोकांनी दाद दिली नव्हती. बत्तीस काउंट्या पुऱ्या व्हायला चारशे वर्षं लागली म्हणा.

सुरुवातीचा शेरीफ खराखुरा अंमलदार होता. वसूल तोच करी, माणसं तोच पकडी, राजाच्या नावानं फौज तोच गोळा करी. आपल्याकडचा कमाविसदार डोळ्यांपुढे आणा. पण पुढे वसूल दुसऱ्याकडे गेला, फौज दुसऱ्याकडे गेली, एकोणिसाव्या शतकात पोलीसही वेगळे झाले, आणि शेरीफाकडे मान उरला. दर वर्षी काउंटीतल्या बड्या जमीनदारांतली तीन नावं न्यायाधीशांमार्फत वर जात, व्हाइसरॉय त्यातलं एक नेमी. मुदत एक वर्ष. पगार शून्य. नाही म्हणायची सोय जवळजवळ नाही. म्हणून तुमच्या वहीत खर्चच खर्च.

ते बारा कोट कुणाचे, सांगतो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि उन्हाळ्यात, डब्लिनहून फिरते न्यायाधीश काउंटीत येत. त्याला असाइझ म्हणायचं. त्यांना सामोरं जायचं, बिगूल वाजवत गावात आणायचं, भालदार पुढे चालवायचे, जेवायला घालायचं, सगळं हाय शेरीफानं. भालदारांचे कोट त्याच्या खर्चानं शिवायचे, आणि बटणांवर बहुतेक घराण्याचं चिन्ह. शेजारच्या जमीनदारानं गेल्या साली आठ भालदार आणले असतील तर आपण बारा आणायचे, हा तर मनुष्यस्वभाव. इंदुरात वरातीत घोडे मोजतात तसंच.

आता कुणी म्हणेल, मग एवढी हौस कशासाठी? तर हौसेच्या आड एक फार मोठी गोष्ट होती. ग्रँड ज्युरी कोण बसणार, ते हाय शेरीफ ठरवी. तेवीस माणसं. आणि आयर्लंडात ग्रँड ज्युरी नुसती खटले दाखल करून घेत नव्हती. रस्ते, पूल, तुरुंग, कोर्टाची इमारत, त्यासाठीचा कर, सगळं तिच्या हातात. म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा परिषदच, फक्त निवडणुकीशिवाय. त्या कराला 'काउंटी सेस' म्हणत. आपल्या बिलावर सेस छापलेला दिसतो ना, तोच शब्द. कर भरणार कूळ आणि रस्ता कुठून न्यायचा ते ठरवणार जमीनदार. साहजिकच पुष्कळ रस्ते कुणाच्या तरी बंगल्याच्या फाटकापर्यंत फार उत्तम जात. हे १८९८ पर्यंत चाललं. त्या साली कायदा झाला, पुढच्या वर्षी निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल बसल्या, आणि शेरीफाच्या तेवीस माणसांकडे फक्त फौजदारी आरोप तपासायचं काम राहिलं.

छोट्या ज्युरीची यादीही शेरीफच करायचा. म्हणजे आरोपीचा निवाडा करणारे बाराजण कुठल्या घोळक्यातून येणार, ते त्याच्या कचेरीत ठरे. यावरून इतका कालवा झाला की १८७१ मध्ये लॉर्ड ओ'हेगन यांनी कायदा करून यादी वर्णानुक्रमे उचलायला लावली. शेरीफाची मर्जी तिथं संपली.

निवडणूकही तोच घेई. १८७२ पर्यंत मतदान उघड असायचं, मतदारानं सगळ्यांसमोर नाव उच्चारायचं, समोर जमीनदाराचा कारभारी उभा. तुमच्या गॉलवेतच त्या वर्षी फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली. कॅप्टन नोलन विरुद्ध ट्रेंच. नोलन प्रचंड मतांनी आला, पण न्यायाधीश कीओ यांनी पाद्र्यांनी मतदारांवर दडपण आणलं म्हणून निवडणूक रद्द केली आणि हरलेल्या ट्रेंचला जागा दिली. त्याच वर्षी जुलैत गुप्त मतदानाचा कायदा आला.

हे सगळं वरचं झालं. आता सब-शेरीफ. ताई, तो मी.

म्हणजे माझ्यासारखाच कोणीतरी. बहुधा गावातला वकील. हाय शेरीफ दर वर्षी बदलतो, सब-शेरीफ मात्र वर्षानुवर्षं तोच. हुकूमनामा हाय शेरीफाच्या नावानं निघतो, बजावतो हा. काही चुकलं, कर्जदार पळाला, पैसे कमी आले, तर जबाबदारी कायद्यानं हाय शेरीफाची. म्हणून तो आधीच सब-शेरीफाकडून जामीनखत लिहून घेई. आलं लक्षात? नाव साहेबांचं, दार आपण ठोठवायचं, आणि दगड आपल्याच डोक्यात.

'हॅबेरे' म्हणजे कब्जा वॉरंट. लॅटिनमधलं लांबलचक नाव आहे, पण आयर्लंडात हॅबेरे म्हटलं की कुळाचं घर रिकामं करायला शेरीफ येतोय, एवढं लहान पोरालाही कळायचं. सैनिक का मागितले तेही सांगतो. १८८६ च्या ऑगस्टमध्ये गॉलवेतल्या वुडफर्डला लॉर्ड क्लॅनरिकार्ड यांच्या कुळांची घरं रिकामी करायची होती. हा लॉर्ड आयर्लंडात राहायचाच नाही, लंडनहून खंड मागायचा. सॉन्डर्स नावाच्या कुळानं घराचा किल्लाच केला. दारं-खिडक्या बुजवल्या आणि आतून उकळतं पाणी आणि मधमाश्यांची पोळी बेलिफांच्या अंगावर. बाहेर शेकडो पोलीस आणि सैनिक. क्लॅनरिकार्ड तिथं नव्हता, हाय शेरीफही दार फोडायला पुढे नव्हता. मधमाश्या कुणाला चावल्या असतील ते सांगायला नको.

मला मधमाश्या नाही चावल्या, पण एकदा छावणीच्या बाजूला एका शिंप्याकडे जप्तीला गेलो होतो. वादीचा माणूस म्हणे, मशीन उचला, तेवढंच किमती आहे. मी म्हटलं, कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० त्याला वाचून दाखवलं: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या चालीनं बाईला अंगावरून उतरवता येत नाही तो दागिना. तो वैतागला. तोवर सूर्य कलला. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर राहत्या घरात शिरता येत नाही. मी घड्याळ पाहिलं आणि परत फिरलो. शिंप्याच्या बायकोनं जाता जाता पाणी विचारलं, ते मी घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असं अजून वाटतं.

हे विषयांतर नाही बरं का. राहत्या घराचं बाहेरचं दार शेरीफानं दिवाणी देण्यासाठी फोडू नये, हा नियम लंडनच्या शेरीफाला दार बंद केल्यावरून उभ्या राहिलेल्या १६०४ च्या सेमेन खटल्यातून आला. त्याचाच बदललेला वंशज आमचं कलम ६२. आमच्याकडे देणेकरी स्वतः आत बसून अडवत असेल तर दार फोडता येतं. आणि जमिनीचा कब्जाच द्यायचा असेल तर तिकडेही दाराला संरक्षण नाही, म्हणून तर आयर्लंडात १८८८ साली किलरशच्या व्हँडेलर जहागिरीत भिंती फोडायला तिकाटण्याला टांगलेला ओंडका आणत.

हात दुखले. बाकी नंतर.

दादर_वेस्ट (मुंबई)

नाझरसाहेब, तुमच्या लेखात आमचा मुंबईचा शेरीफ राहिला! मराठीत त्याला 'नगरपाल' म्हणतात, रेवाताईंना शब्द हवा असेल तर तयार आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या शहरांत इंग्रजांनी हा हुद्दा आणला. तोही एका वर्षाचाच, मानाचाच. डॉ. भाऊ दाजी लाड दोनदा झाले, १८६९ आणि १८७१. अलीकडे दिलीपकुमार, सुनील गावसकरही झाले.

आयर्लंडशी जुळणारी एक गंमत. काउंटीतल्या लोकांना सभा भरवायची असली की सह्यांचा अर्ज हाय शेरीफाकडे द्यायचा आणि त्यानं सभा बोलवायची, म्हणजे ती 'काउंटीची सभा' म्हणून वजनदार ठरे. मुंबईतही टाउन हॉलमधल्या मोठ्या सभा शेरीफाच्या नावानं भरत. मद्रासला १९९८ मध्ये हुद्दा बंद झाला.

रेवा_रामबाग

नाझरकाका, दोनदा वाचलं. काका म्हटलं तर चालेल ना? आता वहीतली 'भालदारांचे कोट' ही ओळ मला नीट दिसायला लागली. त्याखाली घराच्या बाईनं बारीक अक्षरात लिहिलंय की कोट पुढच्या वर्षी नव्या शेरीफाला विकता येतील का ते विचारावे. बिचारी!

'नगरपाल' आवडला, पण माझ्या माणसाकडे नगर नाही, काउंटी आहे. बघते.

एक शंका: या घराण्याचं १८२९ पर्यंत या यादीत नाव नाही, आणि नंतर मात्र वीस वर्षांत दोनदा. पैसा तर त्यांच्याकडे आधीही होता, पावत्यांवरून दिसतं. असं का?

मांडवी_दरवाजा (वडोदरा)

हे घराणं कॅथलिक असणार. प्रोटेस्टंट सत्तेच्या काळात, म्हणजे साधारण पूर्ण अठरावं शतक, कॅथलिकांना सरकारी हुद्दे बंद होते. १७९३ च्या कायद्यानं बरंच उघडलं, मतदानाचा हक्कसुद्धा मिळाला, पण शेरीफ आणि सब-शेरीफ हे हुद्दे तेव्हाही वगळले होते. कारण उघड आहे, नाझरसाहेबांनी सांगितलंच: ज्युरी त्याच्या हातात आणि निवडणूकही. ते दार १८२९ च्या मुक्ती कायद्यानं उघडलं. आणि तो कायदा झाला कशामुळे? १८२८ च्या क्लेअर काउंटीच्या पोटनिवडणुकीमुळे. डॅनियल ओ'कॉनेल कॅथलिक, म्हणजे निवडून आला तरी पार्लमेंटमध्ये शपथ घेणार कशी? एनिसच्या कोर्टात मतमोजणी: ओ'कॉनेल २०५७, समोरचे व्हेसी-फिट्झजेराल्ड ९८२. आता निकाल लिहायचा क्लेअरच्या शेरीफानं. कोण पेच! त्यानं दोन्ही बाजूंचे आक्षेप नोंदवून ओ'कॉनेलला निवडून आलेला म्हणून पाठवलं आणि पुढचा निर्णय लंडनच्या पार्लमेंटवर सोडला. शेजारच्याच काउंटीतली गोष्ट आहे, तुमच्या कागदांत कुठेतरी सापडेल बघा.

पण शेरीफाची मला सगळ्यात आवडणारी हकिगत फर्मॅनाची आहे, म्हणून ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोळाव्या शतकाचा शेवट. फर्मॅना हा अजून आयरिश सरदार ह्यू मग्वायरचा मुलूख. इंग्रजांचा सुभेदार फिट्झविल्यम म्हणाला, तुझ्या मुलखात शेरीफ पाठवतो. मग्वायरनं उत्तर दिलं ते पुढे इंग्रजांचेच अ‍ॅटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस यांनी टिपून ठेवलंय: जरूर पाठवा, स्वागत आहे, फक्त त्याचा 'एरिक' किती ते आधी कळवा, म्हणजे माझ्या लोकांनी त्याचं डोकं उडवलं तर तेवढी रक्कम मुलखातून वसूल करून देता येईल. एरिक म्हणजे आयरिश कायद्यात खुनाबद्दल मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई, माणसाच्या दर्जाप्रमाणे ठरलेली. उत्तर उद्धट वाटतं, पण नीट पाहिलं तर तो फक्त 'तुमचा माणूस आमच्या कायद्याखाली येईल' एवढंच सांगतोय. शेवटी शेरीफ आलाच, कॅप्टन विलिस त्याचं नाव. १५९३ मध्ये मग्वायरनं त्याला माणसांसकट एका चर्चमध्ये कोंडलं, टायरोनच्या ह्यू ओ'नीलनं मध्ये पडून सोडवलं. वर्षभरात मुलूख पेटला आणि जे युद्ध सुरू झालं ते नऊ वर्षांचं युद्ध. पुढे तोच ओ'नील त्याचा नायक.

म्हणून मला कोतवाल, कमाविसदार या उपमा थोड्या अपुऱ्या वाटतात. आमच्या गायकवाडीत प्रांताला सुभा असे आणि तालुक्याला वहिवटदार. त्यांचं नाव ऐकून कुणी तलवार उपसत नसे. आयर्लंडात 'शेरीफ येणार' याचा अर्थ 'आता तुमचा कायदा संपला' असा होता.

डेलींबद्दल: इंदूरचे सर हेन्री डेली हे मध्य भारताचे एजंट होते, त्यांच्या नावानं कॉलेज. जन्म १८२३ चा, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा, पण घराणं आयरिश, गॉलवेकडचंच. मधलं नाव डर्मट, तिथेच कळतं. तुमच्या यादीतले डेली त्यांच्या नेमक्या शाखेचे की डनसँडलच्या बड्या डेलींचे, हे कागदांतून गावाचं नाव पाहून ठरवा. नुसत्या आडनावावर जाऊ नका. गॉलवेत डेली म्हणजे आपल्याकडे जाधव.

भिया_इंदौरी

कॉलेजच्या फाटकावरून रोज जातो, आज कळलं हे आयरिश भिया आहेत. आणि नाझरसाहेब, 'शरीफ' मागे घेतो.

निवृत्त_नाझर

काका म्हणा, चालेल. घरात आजोबा म्हणतात.

मांडवी_दरवाजा यांचं म्हणणं मान्य. मग्वायरची गोष्ट मला ठाऊक नव्हती. एरिक विचारणं हे तर आमच्या कामाच्या फार जवळचं आहे. जप्तीला जाण्याआधी वादीकडून खर्च भरून घेतोच ना आम्ही, फक्त डोक्याचा दर तेवढा लावत नाही.

दोन कोर्टांचं कोडं राहिलं होतं. १६१० मध्ये पहिल्या जेम्स राजानं सनद देऊन गॉलवे शहराला स्वतंत्र काउंटी केलं. म्हणजे गॉलवे काउंटीच्या पोटात गॉलवे शहर नावाची वेगळी काउंटी, तिचे शेरीफ वेगळे, ज्युरी वेगळी. मग कोर्टंही दोन. काउंटीचं १८१५ चं, अजून कोर्टच आहे. शहराच्या कोर्टाची इमारत समोर, तिच्यात आता नाट्यगृह चालतं. तुमच्या कागदांत नुसतं 'गॉलवेचा शेरीफ' लिहिलं असेल तर काउंटीचा की शहराचा हे आधी तपासा. नाहीतर वंशावळीत भलताच माणूस घुसेल.

आणि एक गोष्ट सांगायची टाळत होतो, पण शेरीफाचा इतिहास तिच्याशिवाय अर्धा राहील. फाशी. शिक्षा न्यायाधीश देई, पण अंमल शेरीफाचा. फाशी देणारा माणूस बोलावणं, त्याचे पैसे, त्या सकाळी हजर राहणं, सगळं शेरीफाच्या कचेरीकडे. १८६८ पासून फाशी तुरुंगाच्या आत होऊ लागली, तरी शेरीफ किंवा त्याचा माणूस तिथे लागेच.

१८८२ च्या ऑगस्टमध्ये गॉलवे-मेयोच्या सरहद्दीवर मामट्रास्ना इथे जॉइस कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. खटला डब्लिनला नेला, खास ज्युरीपुढे. मायल्स जॉइस या आरोपीला इंग्रजी येत नव्हतं, फक्त आयरिश. दुभाषी म्हणून पोलीसच. त्याच्याविषयी काय बोललं जातंय हे त्याला कितपत कळलं असेल, देव जाणे. १५ डिसेंबर १८८२ ला तिघांना गॉलवेच्या तुरुंगात फाशी झाली. मायल्स फळीवर उभा राहूनही आयरिशमध्ये, मी निर्दोष आहे, असंच सांगत होता. मारवूड नावाचा इंग्लंडहून आणलेला फाशीवाला, आणि त्याच्याकडून नीट झालंही नाही. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी मायल्स जॉइसला मरणोत्तर माफी दिली. तो तुरुंग आता नाही. त्या जागी गॉलवेचं कॅथेड्रल उभं आहे.

मी नोकरीत असंख्य समन्स बजावली. मराठी घरात हिंदी समन्स घेऊन गेलो की म्हातारी विचारायची, बाळा, यात काय लिहिलंय रे? मी दारात उभ्यानं वाचून सांगायचो. ते माझं काम नव्हतं, नियमात कुठेही नाही. पण सांगितल्याशिवाय सही घ्यायला हात धजत नसे. मामट्रास्नाचं वाचलं तेव्हा मला त्या म्हाताऱ्या आठवल्या.

असो. हुद्दा संपला कसा, तेही ऐका. १९२० पर्यंत खेड्यांत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाची स्वतःची कोर्टं बसू लागली आणि शेरीफाच्या हुकूमनाम्याला कुणी विचारेना. १९२२ मध्ये आयर्लंडचं स्वतंत्र राज्य आलं. यादवी चालू, हुकूमनाम्यांचे ढीग पडलेले, तेव्हा १९२३ मध्ये सब-शेरीफांना जादा अधिकार देणारा कायदाही करावा लागला. मग १९२६ च्या कोर्ट ऑफिसर्स कायद्यानं हाय शेरीफ हा हुद्दाच मोडला. सब-शेरीफांना एकदम काढलं नाही. जागा जसजशा रिकाम्या होतील तसतसं काम काउंटी रजिस्ट्रारकडे. म्हणजे सातशे वर्षं फिरून शेवटी कुठे आलं? कोर्टाच्या कारकुनाकडे. नजारतीतच! मी हे वाचून बायकोला मुद्दाम हाक मारून सांगितलं, तिनं पोहे परतता परतता 'बरं' म्हटलं.

१९४५ मध्ये डब्लिन आणि कॉर्कपुरते शेरीफ पुन्हा आणले, आणि १९८० च्या दशकात थकलेला कर वसूल करायला इतर ठिकाणीही नेमले. ते सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर असतात, बिगूल नाही, भालदार नाहीत. जुन्या थाटाचा हाय शेरीफ फक्त उत्तर आयर्लंडात उरलाय, सहा काउंट्या आणि बेलफास्ट व डेरी ही दोन शहरं. दर वर्षी नवा. काम मानाचं.

राहिला पाउंडेज. वजन नाही ताई. जप्ती करून किंवा लिलावातून जी रक्कम हाती येई, तिच्यावर दर पौंडामागे ठरलेला हिस्सा शेरीफाची फी म्हणून कापायचा, तो पाउंडेज. आमच्याकडेही लिलावाच्या रकमेतून कोर्ट जे कापून घेई त्याला जुने वकील पाउंडेजच म्हणत, रुपयात असलं तरी. वहीत तो आकडा जमेच्या बाजूला आहे की खर्चाच्या, ते बघा. जमेला असेल तर शेरीफाला थोडं तरी परत मिळालं.

रेवा_रामबाग

काका, बघितलं. जमेलाच आहे. चार पौंड काहीतरी शिलिंग. पण त्याच्यापुढे त्याच शाईनं लिहिलंय, 'सब-शेरीफास दिले'.

निवृत्त_नाझर

मग तो भला माणूस होता म्हणायचा. त्याच्या बटणांचा फोटो पाठवता आला तर पाठवा.